शागीर्दाचं सामान

चिक्कडपल्लीत त्या काळी श्रीपतराव वसमतकरांच्या हातचा मार न खाल्लेला सरकारी नोकर दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेत उर्दू आणि फारसी शिकवली, निदान त्यांचा तसा समज होता. मुलं शिकली ती छडी चुकवायला. शाळेची इमारत दोनदा बदलली, वरचे साहेब पाच बदलले, छडी मात्र तीच राहिली. वेताची, तेल पाजलेली, मुठीला दोरा गुंडाळलेली. दरवर्षी खंडेनवमीला पुस्तकांशेजारी तिची पूजा व्हायची, तिलाही हळदकुंकू लागायचं, आणि सुट्टी संपली की ती पुन्हा कामाला लागायची.

पेन्शन झाली तशी छडी खुंटीला लागली आणि श्रीपतराव ओसरीला. बायको मानमोडीच्या साथीत गेली होती. मुलगा प्रभाकर एका सरकारी महकम्यात कारकून; सकाळी शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून जायचा तो दिवे लागताना परतायचा. सून इंदुमती गुणाची, पण "मामंजी, पान वाढलंय" यापलीकडे तिचा शब्द जायचा नाही. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटले तर वाकून आदाब करत आणि पुढच्या गल्लीत झटकन वळत. माणसाने जन्मभर इतका धाक कमावला, की म्हातारपणी त्याच्याशी गप्पा मारायला कुणी उरलं नाही. याचं वाईट वाटतं असं श्रीपतराव कुणाला बोलले नसते. बोलायला होतं तरी कोण?

प्रभाकरवर त्यांनी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, म्हणजे त्याला सगळ्यात जास्त मारलं होतं. मास्तरचा मुलगा कच्चा राहिला तर लोक काय म्हणतील! त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रभाकर आठ वर्षांचा असताना घरी एक वकीलसाहेब आले. पोराच्या हातातला लाखेचा भोवरा पाहून म्हणाले, "वा, काय सुंदर भोवरा!" पोराने भोवरा पाठीमागे लपवला. बस्स. हैदराबादेत पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की यजमानाने म्हणायचं, "आपही का है, हुजूर." मग पाहुण्याने म्हणायचं, "आपको मुबारक," आणि वस्तू जिथल्या तिथे राहते. घेणारा घेत नाही, देणारा देत नाही, आणि दोघेही खानदानी ठरतात. एवढी साधी रीत मास्तरच्या मुलाला येऊ नये? पाहुणे गेल्यावर श्रीपतरावांनी हुकूम केला, "हात पुढे." दोन्ही तळव्यांवर सहा-सहा बसल्या. मग त्याच सुजलेल्या हाताने पाटीवर ते वाक्य शंभर वेळा लिहून घेतलं. पुन्हा कधी प्रभाकर चुकला नाही. भोवराही पुन्हा कधी फिरवला नाही, पण तिकडे लक्ष द्यायचं श्रीपतरावांना कारण नव्हतं.

फसली सन तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसच्या उन्हाळ्यात लतीफ आला. हा एका वर्गात तीन वर्षं बसलेला विद्यार्थी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून श्रीपतरावांनी ज्याच्यावर दोन रूळ मोडल्याचं शाळेत सांगत, तोच. आता तो सिकंदराबादच्या छावणीत एका गोऱ्या कप्तानाची कुत्री सांभाळायचा. कप्तान विलायतेला निघून गेला होता आणि लतीफच्या झोळीत एक पिल्लू होतं, काळ्या पाठीचं, पिवळ्या पायांचं, एक कान उभा आणि एक पडलेला.

"मास्टर साब, ये आपके वास्ते लाया. घर कू रखवाली होती," लतीफ म्हणाला. "और आपको सिखाने का शौक है ना."

आतून इंदुमतीने भांडं आपटलं. सोवळ्याओवळ्याचं घर आणि ओसरीवर कुत्रं! श्रीपतराव नाहीच म्हणणार होते. पण पिल्लाने झोळीतून उतरून त्यांच्या पायाच्या अंगठ्याचा वास घेतला आणि तिथेच बसकण मारली. कित्येक वर्षांत त्यांच्या इतक्या जवळ कुणी आपणहून बसलं नव्हतं.

लतीफने बोटांवर सामान मोजून दाखवलं. पट्टा चामड्याचा पण मऊ, आत दोन बोटं जातील इतका सैल. साखळी नको, सुताचा दोर घ्या, आठ हात लांब. पाण्याला दगडी कुंडी, हलकं भांडं पालथं घालील. बारीक दातांचा खरारा. निजायला तरट, आणि त्याची जागा रोज तीच. एक शिट्टी. चघळायला नळीचं हाड... इथे आत दुसरं भांडं आपटलं, म्हणून हाडाऐवजी जुन्या दोरखंडाची गाठ ठरली.

"और सबसे बडा सामान," लतीफ म्हणाला, "जेब में गूड. सुना तो गूड, नै सुना तो कुछ नै. छडी बिल्कुल नक्को, साब. छडी से डरता, सीखता नै."

"एकतीस वर्षं छडीनेच शिकवलंय मी!" श्रीपतराव तापले. "तुलासुद्धा!"

"हौ साब," लतीफ हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मेरेकू क्या आया?"

दुसऱ्या दिवशी श्रीपतराव स्वतः बेगम बाजारात गेले. दोर मिळाला, कुंडी मिळाली. घोड्याचा खरारा दाखवताना तेलुगू दुकानदाराने मास्तरांना विचारलं, "टांगा लिए क्या, पंतुलुगारू?" कुत्र्यासाठी म्हणायची जीभ होईना. "हौ," ते म्हणाले. खोटं बोलणाऱ्या पोरांना जन्मभर फोडून काढलेल्या माणसाची ही बाजारातली पहिली थाप. वर पट्टा शिवणाऱ्याने "घोड्याचं शिंगरू फारच लहान दिसतंय" म्हणून टोमणा मारला तो वेगळाच.

पिल्लाचं नाव ठेवलं शागीर्द. इंदुमतीला ते लांबलचक वाटलं. महिन्याभरात, सासरे ऐकत नाहीत असं बघून, ती त्याला शागू म्हणून दूधभाकरी घालायला लागली.

पहिल्याच आठवड्यात शागीर्दाने त्यांचं एक जुनं फारसी पुस्तक फाडून ओसरीभर पसरलं. श्रीपतरावांचं डोकं फिरलं. लतीफचं शहाणपण गेलं खड्ड्यात! त्यांनी खुंटीवरची छडी खेचली आणि हात वर उचलला. पिल्लाने वर पाहिलं. या काठीला काय म्हणतात, तिने काय होतं, याची त्याला गंधवार्ताही नव्हती. त्याने उडी मारून तिचं टोक तोंडात पकडलं आणि शेपूट हलवत खेचाखेची सुरू केली. श्रीपतराव एका टोकाला, कुत्रं दुसऱ्या टोकाला. छडी पाहून खूश झालेला जीव त्यांनी हयातीत पाहिला नव्हता. आधी त्यांना काय करावं कळेना, मग ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. घरात परका माणूस कोण आला म्हणून इंदुमती पदर सावरत बाहेर डोकावून गेली.

छडी पुन्हा खुंटीवर गेली आणि शिक्षण सुरू झालं. रोज पहाटे हुसेनसागराच्या बांधापर्यंत फेरी, मग अंगणात अर्धा तास धडा, संध्याकाळी उजळणी. शब्द सात. बैठो, ठहरो, आओ, लाओ, छोडो, चुप, जाओ. शिकवायची भाषा त्यांची तीच होती, तीत त्यांनी निदान हजार पोरं रडवली असतील. आता त्याच भाषेत ते म्हणायचे, "बैठो, बेटा." नाही बसला की पुन्हा म्हणायचे. दहा वेळा, वीस वेळा. बसला की खिशातला गुळाचा खडा तळहातावर ठेवून पुढे करायचे आणि म्हणायचे, "शाबास."

हा शब्द त्यांना नवा होता. पहिल्यांदा म्हणताना त्यांना इकडेतिकडे बघावंसं वाटलं. पुढे सवय झाली, इतकी की कुत्र्याने काही केलं नाही तरी निघून जायचा. शागीर्दाचा पडका कान उभा राहिला, अंग भरलं, पायात डौल आला. एकदा शब्द ऐकला की पुरे, दुसऱ्यांदा सांगावं लागेना. बाजूची माणसं फाटकापाशी थांबून बघू लागली, बोलू लागली. "मास्तर, काय घालता हो याला?" म्हातारा खुलून सांगायचा. पासष्टीला येऊन त्याला शेजारी मिळाले ते असे, कुत्र्याच्या मागून.

एके दिवशी प्रभाकर कचेरीतून जरा लवकर आला आणि अंगणाच्या दाराशी थबकला. आत धडा चालला होता. तो पुष्कळ वेळ उभा राहिला. शागीर्द गूळ चाटत असताना म्हणाला, "अण्णा, छान शिकवलंत त्याला."

"मन लावलं की येतं," श्रीपतराव म्हणाले.

"हौ," म्हणून प्रभाकर आत गेला. त्याच्या आवाजात काही होतं, पण कुत्र्याच्या कौतुकात असलेल्या माणसाला ते ऐकू येत नाही.

दसरा आला. खंडेनवमीच्या पूजेत यंदा छडी नव्हती. तिच्या जागी श्रीपतरावांनी दोर, शिट्टी आणि पट्टा मांडला. चामडं देवापुढे पाहून इंदुमतीने पट्टा मुकाट्याने चौरंगाखाली सरकवला, पण त्याला हळदकुंकू लावायला विसरली नाही.

दसऱ्याला महकम्याचे नाझिमसाहेब चहाला येणार होते. हे बडे साहेब विलायतेत वाढलेले, त्याच वर्षी उत्तरेकडून नेमून आले होते. प्रभाकर नऊ वर्षं हंगामी होता, त्याला कायम करायचा कागद सहीसाठी त्यांच्याच मेजावर पडून होता. "अण्णा, शागीर्दाला मागे बांधून ठेवा," त्याने आदल्या दिवशी बजावलं. "साहेबांना आवडतं न आवडतं."

ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण एकतीस वर्षांत श्रीपतरावांकडे अभिमानाने दाखवावा असा विद्यार्थी पहिल्यांदाच झाला होता. साहेबांचा चहा झाला, बोलणं रेंगाळलं, आणि म्हाताऱ्याने परसात जाऊन दोर सोडला. अंगणात शागीर्दाने सातही शब्द करून दाखवले. शेवटी श्रीपतरावांनी त्याच्या पुढ्यात जिलबीचा तुकडा ठेवला, "ठहरो" म्हणाले आणि पाठ फिरवून ओसरीपर्यंत चालत आले. कुत्र्याची लाळ गळत होती, पण तो हलला नाही.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वल्लाह! क्या कुत्ता है! ऐसा कुत्ता हमने विलायत में भी नहीं देखा!"

प्रभाकर खुर्चीतून उठला, कमरेत वाकला, आणि श्वास सोडावा तितक्या सहज बोलून गेला, "आपही का है, हुजूर."

आता पुढची ओळ पाहुण्याची होती. हैदराबादचा साधा चपराशीसुद्धा ती म्हणाला असता. साहेबांना ती कुणी शिकवली नव्हती. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "अरे भई, सच? बहुत बहुत शुक्रिया, परभाकरराव!" त्यांनी शोफरला मोटार फाटकाशी आणायला सांगितली. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. असतं तर त्यांना शिव्या तरी घालता आल्या असत्या.

प्रभाकर पांढरा पडला. त्याने बापाकडे पाहिलं. आठ वर्षांचा पोर पाहतो तसं पाहिलं. एक शब्द पुरे होता. हुजूर, ही आमच्याकडची बोलायची रीत आहे, कुत्रा माझा आहे. श्रीपतराव बोलले असते तर साहेब ओशाळून हसले असते आणि कदाचित कागदही अडला नसता. शागीर्द अजून जिलबीसमोर तसाच बसून होता, हुकमाची वाट पाहत. श्रीपतरावांनी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं ते हे:

"मुबारक हो, हुजूर."

जन्मभर ज्याने दुसऱ्यांना फोडून फोडून रीत शिकवली, त्याला ऐन वेळी दुसरं काही बोलताच येईना.

शागीर्द मोटारीत बसेना. शोफरने दोर ओढला, त्याने चारी पाय रोवले आणि मालकाकडे मान वळवली. साहेब हसून म्हणाले, "बडा वफादार है." शोफरने पुन्हा ओढला. पट्टा मानेत रुतला, घशातून आवाज आला. प्रभाकर जवळ येऊन कुजबुजला, "अण्णा, तुम्हीच सांगा ना त्याला."

श्रीपतरावांनी शागीर्दाशी आजवर एकदाही खोटा शब्द वापरला नव्हता. ते फाटकापर्यंत गेले. कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाओ, बेटा," ते म्हणाले.

एकदा ऐकलं की पुरे. शागीर्द मोटारीत चढला आणि सीटवर ताठ बसला, चांगला विद्यार्थी परीक्षेला बसतो तसा. त्याला वाटलं असणार की हाही धडाच आहे, आणि धडा संपला की गूळ मिळतो. अंगणातल्या जिलबीला मग मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा चपराशी आला. कुत्र्याचं सामान मागवलं होतं. श्रीपतरावांनी एकेक वस्तू हातात दिली. कुंडी धुऊन दिली, तरट झटकून घडी घालून दिलं, खराऱ्यातले केस मात्र काढून ठेवून घेतले. दोरखंडाची चघळलेली गाठ पाहून चपराशी म्हणाला, "ये कचरा भी?" "भी," श्रीपतराव म्हणाले. मग त्यांनी बोरू काढला आणि आपल्या वळणदार उर्दू अक्षरात एक कागद लिहिला. सात शब्द, प्रत्येकासमोर त्याचा अर्थ, निजायची जागा कोणती, फेरीची वेळ कोणती. खाली दोनदा रेघ ओढून लिहिलं: छडी वापरू नये. इतका सुंदर कागद त्यांनी सरकारी तपासनिसासाठीही कधी लिहिला नव्हता.

पहाटेची फेरी थांबली. शेजारीही फाटकापाशी थांबेनासे झाले. विचारायचं तरी काय?

दिवाळीच्या तोंडावर प्रभाकर पेढ्यांचा पुडा घेऊन आला. तो कायम झाला होता. त्याने पुडा देवापुढे ठेवला, बापाच्या पाया पडला. इंदुमतीच्या डोळ्यात पाणी आलं. श्रीपतरावांनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

"साहेबांकडे गेला होतास? कसाय तो?"

प्रभाकर पुड्याचा सुटा दोरा बोटाला गुंडाळू लागला.

"मी कुत्र्याचं विचारतोय."

"आहे," प्रभाकर म्हणाला. मग जमिनीकडे बघत एकेक शब्द काढू लागला. "साहेब त्याच्याशी इंग्रजीत बोलतात, अण्णा. त्याला काही कळत नाही. नुसता बघत उभा राहतो. साहेब म्हणतात, तुमच्या घरी एवढा हुशार होता, इथे येऊन गाढव झाला. साखळीने बांधलाय. आता एक माणूस ठेवलाय त्याला शिकवायला."

"आणि माझा कागद?"

"मेजावर आहे. बघितला मी. त्यावर दौत ठेवलीय."

"तो माणूस," श्रीपतरावांनी विचारलं, आणि उत्तर त्यांना आधीच माहीत होतं, "कशाने शिकवतो?"

प्रभाकरने मान वर केली नाही. "छडीने."

छडी आता त्याला कळली असणार. पहिल्यांदा त्याने शेपूट हलवून तिचं टोक पकडायला उडी मारली असेल. श्रीपतरावांच्या डोळ्यांसमोर तेवढंच आलं, आणि त्यांना पुढचं बघवेना. पेढा मुठीत दाबला जाऊन चुरा झाला. वाटलं, जावं आणि त्या माणसाच्या हातातून वेत हिसकावून घ्यावा. पण कोणत्या तोंडाने जायचं? त्याने त्यांच्याहून वेगळं काय केलं होतं?

त्यांनी वर पाहिलं. प्रभाकर त्यांच्यासमोर उभा होता. पस्तिशीचा गृहस्थ, कानांजवळ पांढरे केस, अंगात कचेरीची शेरवानी, सरकारचा कायम नोकर.

"अण्णा, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी म्हणायला नको होतं. तोंडातून निघून गेलं."

आणि हे म्हणताना त्याचा उजवा हात आपोआप पुढे आला. तळवा वर, बोटं जुळलेली, अंगठा आत घेतलेला, कारण अंगठ्यावर बसली की जास्त झोंबते. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. डोळे मात्र त्याने मिटून घेतले होते.

श्रीपतरावांचा हात सवयीने खिशात गेला. गुळाचा जुना खडा तिथे अजून होता, कापडाला चिकटून बसलेला. तो काढून त्या तळव्यावर ठेवावा, शाबास म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. पण शब्द ओठांपाशी येईना. कुत्र्याला म्हणता येत होता. याला कसा म्हणतात ते त्यांना कधी शिकताच आलं नव्हतं.

"हात खाली घे," ते म्हणाले.

प्रभाकरने हात लगेच खाली घेतला. त्यालाही एकदा सांगितलं की पुरे व्हायचं.